मानेला हिसका नको

"मॅडम, एकदा कटकन मोडून द्या, म्हणजे मोकळं होईल." मान धरून दवाखान्यात आलेला माणूस बहुतेक वेळा हेच म्हणतो. सोमेश्वरनगर परिसरात मी गेली कित्येक वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. हे म्हणणारा कधी कारखान्यातून रात्रपाळी उरकून आलेला कामगार असतो. कधी वजनकाट्याच्या रांगेत स्टेअरिंगवर डोकं टेकून झोपलेला ट्रॅक्टरवाला असतो, तर कधी निंबुत-वाघळवाडीकडची, दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसणारी बाई. मी मान मोडून देत नाही. का देत नाही, ते प्रत्येकाला समोर बसवून सांगते. इथे तेच सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्याकडे न येता सलूनच्या खुर्चीत किंवा गावातल्या एखाद्या जाणत्याच्या ओसरीवर मान पुढे करणारी माणसं कितीतरी जास्त आहेत.

आमच्या भागात मानेला काम भरपूर. दिवाळीच्या आगेमागे सोमेश्वर कारखान्याचं गाळप सुरू होतं, बीड-अहिल्यानगरकडच्या टोळ्या येऊन कोप्या घालतात आणि फडात पहाटेपासून कोयता चालू होतो. तोडलेल्या उसाची मोळी बांधायची, डोक्यावर चुंबळ ठेवून ती उचलायची आणि ट्रॉलीला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. मोळी घेऊन फळी चढणारी बाई मी जवळून पाहिलेली आहे. पाय फळीवर रोवलेले, एक हात मोळीला, डोळे समोर, आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दोरीसारख्या ताठ. वर पोहोचल्यावर मोळी टाकताना मानेला एक झटका बसतोच. हंगामभर हे चालतं. अशा मानेला रात्री कुणी चोळून दिलं, दाबून दिलं, तर बरं वाटणारच. त्या बरं वाटण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती चोळून झाल्यावर शेवटी दिल्या जाणाऱ्या हिसक्याबद्दल. दाढी-कटिंग झाली की सलूनवाला डोक्याची मालीश करतो, खांदे दाबतो आणि मग एक हात हनुवटीला व एक डोक्याच्या मागे लावून मान एका बाजूला झटकन फिरवतो. आवाज आला की दुसरी बाजू. यात त्याला वेगळे पैसे मिळत नाहीत. गिऱ्हाईक खूश होऊन जावं म्हणून तो हे करतो. गावात लचक काढणारे, उसण उतरवणारे असतात, तेही मानेला असाच झटका देतात. आता यात मोबाईलची भर पडली आहे. पांढरा कोट घातलेला कुणीतरी टेबलावर झोपवलेल्या माणसाची मान फिरवतो, कडकड आवाज येतो, पेशंट हसत उठतो. कायरोप्रॅक्टिक हा शब्द आमच्याकडच्या कॉलेजातल्या पोरांना या व्हिडिओंमुळेच कळला. मित्रामित्रांत एकमेकांच्या माना मोडून बघणारी पोरंही माझ्याकडे आली आहेत.

त्या आवाजावर लोकांचा फार विश्वास आहे. हाड सरकलं होतं ते जागेवर बसलं, नस चढली होती ती उतरली, असं समजलं जातं. तसं काही घडत नाही. दोन मणक्यांमधल्या सांध्यात थोडं वंगणासारखं द्रव असतं. सांधा एकदम ताणला की आतला दाब घटतो, द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटं मोडताना येतो तोच हा आवाज. ताणामुळे भोवतीचे स्नायू काही वेळ सैल पडतात, म्हणून हलकं वाटतं. ज्याच्या मानेतलं हाड खरोखर सरकलेलं असेल, त्याला तर हात लावायचाच नसतो. त्याला मान स्थिर ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं असतं.

मानेतून मेंदूकडे चार मुख्य रक्तवाहिन्या जातात. पुढच्या दोन, जबड्याखाली घशाच्या बाजूला बोट ठेवलं की ज्यांचे ठोके लागतात, त्या कॅरोटिड. मागच्या दोन व्हर्टिब्रल. या मागच्या दोघींचा रस्ता अवघड आहे. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना लहान भोकं असतात. सहाव्या मणक्यापासून पहिल्यापर्यंत या रक्तवाहिन्या एकेका भोकातून ओवल्यासारख्या वर चढतात, पहिल्या मणक्याला वळसा घालून कवटीत शिरतात आणि तिथे एकमेकींना मिळतात. लहान मेंदू, मेंदूचा देठ आणि दृष्टीचं केंद्र असलेला मेंदूचा मागचा भाग यांना रक्त मिळतं ते मुख्यतः इथून. तोल, गिळणं, आवाज, डोळ्यांची हालचाल, श्वास ही सगळी कामं याच भागात चालतात. आणि आपण मान वळवतो तेव्हा त्या वळण्यातला साधारण निम्मा वाटा पहिल्या दोन मणक्यांमधल्या सांध्याचा असतो. म्हणजे रक्तवाहिनी जिथे वळसा घालते, नेमकी तिथेच सगळ्यात जास्त पीळ बसतो. सावकाश मान वळवली तर हा पीळ तिला सोसतो; रोजच्या जगण्यासाठी ती तशीच घडलेली आहे. बेसावध माणसाची मान दुसऱ्याने शेवटच्या टोकाला नेऊन झटका दिला, तर तो सोसेलच असं नाही.

रक्तवाहिनी फाटते म्हणजे ती तुटून रक्त बाहेर उडतं, असं नव्हे. फाटतं ते आतलं अस्तर. आमच्याकडे नीरा डाव्या कालव्याच्या काठी राहणाऱ्यांना हे लगेच समजतं. अस्तराची फरशी एका जागी निखळली की पाणी तिच्या मागे शिरतं, फरशी फुगून पुढे येते, वाट अरुंद होते आणि सुटलेले तुकडे वाहत जाऊन खालच्या चारीच्या तोंडाशी अडकतात. रक्ताचंही तसंच होतं. ते भिंतीच्या थरांत शिरतं, वाट चेपते, फाटलेल्या जागी गुठळी धरते आणि गुठळीचा तुकडा सुटून मेंदूतल्या बारीक रक्तवाहिनीत जाऊन बसतो. पुढच्या भागाला रक्त मिळेनासं होतं. हे कधी काही मिनिटांत घडतं, कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही. दिवस मधे गेले की मानेचा आणि या आजाराचा संबंध घरच्यांच्या लक्षातच येत नाही.

माझ्याकडे पुनर्वसनासाठी आलेल्या एका माणसाबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चाळिशीच्या आतबाहेरचा, ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवणारा, बीपी-शुगर काही नाही, अंगाने तगडा. मोकळी ट्रॉली घेऊन फडाकडे जाताना चाक खड्ड्यात आदळलं आणि मानेला जोराचा धक्का बसला. तेव्हापासून मानेच्या डाव्या बाजूला आणि डोक्याच्या मागे दुखत होतं. दोन-तीन दिवस तसेच काढले. मग कटिंगला गेला, मालीश करून घेतली, आणि "मान धरलीय, जरा मोड" म्हणून स्वतःच सांगितलं. दोन्ही बाजूंना आवाज निघाला. खुर्चीवरून उठला तो डावीकडे झोकांडत. घरी येईपर्यंत दोन उलट्या झाल्या. घरच्यांनी उन्हाचं पित्त म्हणून लिंबू-सरबत दिलं. ते पिताना जोरात ठसका लागला. संध्याकाळी आवाज बसला, उचकी लागली ती थांबेना. कुणीतरी आठवण काढत असेल, असं आई म्हणाली. रात्री जवळच्या एका दवाखान्यात उलटी थांबायचं इंजेक्शन मिळालं. बारामतीला नेलं ते दुसऱ्या दिवशी. तिथे काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये काही ठळक दिसलं नाही, म्हणून पुढे पुण्याला पाठवलं. एमआरआय आणि रक्तवाहिन्यांची तपासणी झाली तेव्हा कळलं, डावी व्हर्टिब्रल रक्तवाहिनी फाटली आहे आणि मेंदूच्या देठाच्या डाव्या कडेला पक्षाघाताचा घाव आहे.

काही आठवड्यांनी तो भावाच्या खांद्याला धरून माझ्याकडे आला. दोन स्टीलच्या पेल्यांत मी गरम आणि साधं पाणी घेतलं. डोळे मिटवायला सांगून पेले त्याच्या हाताला आळीपाळीने लावले. डाव्या हाताला बरोबर ओळखता आलं. उजव्या हाताला दोन्ही सारखेच लागले. चेहऱ्यावर मात्र उलटं: उजवा गाल ओळखतो, डावा ओळखत नाही. डाव्या डोळ्याची पापणी किंचित खाली आलेली. हातापायांत मात्र पूर्ण जोर. माझे दोन्ही हात त्याने असे दाबले की मला सोड म्हणावं लागलं. उभं केलं, तर डावीकडे कलायचा. त्याची बायको म्हणाली, "मॅडम, परवा चहाचा कप उजव्या हातात धरला, हात लाल झाला तरी यांना कळलं नाही."

या आजाराची सगळ्यात फसवी गोष्ट हीच आहे. आपल्याकडे पक्षाघात म्हटलं की तोंड वाकडं आणि एका बाजूचा हात-पाय गळालेला, हे चित्र डोळ्यांसमोर येतं. 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात ते असं दिसलं, तर आमच्या भागातला माणूस धावाधाव करतो. मेंदूच्या मागच्या भागाचा पक्षाघात बऱ्याचदा तसा दिसत नाही. चक्कर, उलटी, तोल जाणं, एकाची दोन दिसणं, बोबडं बोलणं, आवाज बसणं, गिळताना ठसका, न थांबणारी उचकी, अर्ध्या चेहऱ्याला मुंग्या: सुटंसुटं पाहिलं तर यातलं प्रत्येक लक्षण पित्ताच्या, बीपीच्या, नाहीतर मणक्याच्या चकरेच्या खात्यात जमा होतं. मेंदूच्या देठाच्या बाजूचा हा आजार जर्मन डॉक्टर ॲडॉल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये नीट वर्णन करून ठेवला; आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याच १८९५ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी मणक्याला झटका देऊन रोग बरे करण्याची पद्धत सुरू केली. तिचं नाव कायरोप्रॅक्टिक. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे दोन्ही वैद्यकाच्या जगात शेजारी शेजारी आहेत, आणि मधला दुवा मात्र सामान्य माणसापर्यंत पोहोचलेला नाही.

तो दुवा दाखवणाऱ्या घटना थोड्या नाहीत. २०१६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसमध्ये कॅटी मे ही ३४ वर्षांची मॉडेल पक्षाघाताने गेली. मानेच्या दुखण्यासाठी ती कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आली होती, आणि मानेला दिलेल्या झटक्याने रक्तवाहिनी फाटल्याचं तिथल्या शवचिकित्सा अधिकाऱ्यांनी नोंदवलं. आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या बळ्ळारीत २०२४ मध्ये ३० वर्षांच्या एका तरुणाला सलूनमध्ये डोक्याची मालीश करताना मानेला झटका बसला. घरी गेल्यावर त्याला बोलता येईना, डाव्या अंगातला जोर गेला. मानेतली कॅरोटिड फाटलेली निघाली. झटका न देताही मान फार वेळ मागे ताणली, तर त्रास होऊ शकतो. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्ये ब्यूटी पार्लरमध्ये केस धुतल्यावर पक्षाघातासारखी गंभीर लक्षणं दिसलेल्या पाच स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये हैदराबादचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सुधीर कुमार यांनी अशाच एका पन्नाशीतल्या बाईंची हकीकत लोकांसमोर ठेवली. लग्नसराईत आमच्याकडच्या पार्लरमध्येही बेसिनच्या कडेवर मान टाकून बायका बराच वेळ बसतात. मानेखाली जाड टॉवेलची घडी ठेवा आणि मान लोंबती ठेवू नका, एवढं तर मी प्रत्येकीला सांगते.

आता ज्याचं उत्तर सरळ नाही, तो प्रश्न. झटक्यामुळेच रक्तवाहिनी फाटते का? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात यावर मोठे अभ्यास झाले. २००१ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं, की ४५ वर्षांच्या आतल्या ज्या लोकांना मागच्या रक्तवाहिनीचा पक्षाघात झाला, त्यांनी आधीच्या आठवड्यात कायरोप्रॅक्टरकडे भेट दिल्याची शक्यता इतरांच्या पाचपट होती. मग २००८ मध्ये त्याच प्रांतातल्या ८१८ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात असं आढळलं, की अशा पक्षाघातापूर्वी साध्या फॅमिली डॉक्टरकडे गेलेल्यांचं प्रमाणही तसंच वाढलेलं होतं, आणि फॅमिली डॉक्टर तर मान मोडत नाहीत. अभ्यासकांचं म्हणणं असं, की रक्तवाहिनी बऱ्याचदा आधीच फाटलेली असते, तिच्यामुळेच मान आणि डोकं दुखतं, आणि त्या दुखण्यासाठी माणूस कुणाकडे तरी जातो. धोक्याचे अंदाजही वीस हजार झटक्यांमागे एकपासून पन्नास लाखांहून अधिक झटक्यांमागे एकपर्यंत पसरलेले आहेत. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सगळे पुरावे तपासून सांगितलं, की संबंध दिसतो, कार्यकारणभाव पक्का सिद्ध झालेला नाही, पण मानेला झटका देण्यापूर्वी रुग्णाला या संबंधाची कल्पना द्यायलाच हवी.

हा वाद वाचल्यावर काही जण म्हणतात, मग झटक्याला दोष का द्यायचा? मला या अभ्यासातून उलटाच धडा मिळतो. माझ्या ट्रॅक्टरवाल्याची रक्तवाहिनी खड्ड्यात आदळली तेव्हाच फाटली असेल, असं मानू. मग सलूनमध्ये त्या फाटलेल्या जागेला पीळ बसला आणि तिथे धरलेली गुठळी सुटली असेल. किंवा खड्ड्याने काहीच झालं नसेल आणि झटक्यानेच अस्तर फाटलं असेल. यातलं खरं कोणतं, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे: त्या मानेला त्या दिवशी झटका देणं चुकीचं होतं. मान दुखते म्हणून आपण ती मोडून घ्यायला जातो, आणि ते दुखणंच कधी कधी फाटलेल्या रक्तवाहिनीची पहिली खूण असतं. बाहेरून हात लावून ही फाटलेली मान आणि साधी आखडलेली मान यांत फरक करता येत नाही. सलूनवाल्याला येत नाही, जाणत्याला येत नाही, आणि नुसत्या हाताने मलाही येत नाही.

म्हणून माझा हात आधी मानेला जात नाही, आधी प्रश्न. असं दुखणं पूर्वी कधी झालं होतं का, की हे काही वेगळंच आहे? "असं कधीच दुखलं नव्हतं" हे उत्तर आलं की मी थांबते. एकाच बाजूला, मानेच्या वर आणि डोक्याच्या मागे दुखतंय का? अलीकडे पडला का, गाडीवरून धक्का बसला का, खूप खोकला झाला होता का? चक्कर, दोन दिसणं, गिळायला त्रास, चेहऱ्याला बधिरपणा? घरात कुणाला लहान वयात पक्षाघात? अर्धशिशी, बीपी, तंबाखू-विडी? मग बीपी मोजते, पापण्या आणि बाहुल्या बघते, चालवून बघते. हाताने मणक्यांवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मानेला हात लावण्यापूर्वी काय तपासायचं, याची चौकट २०१२ मध्ये घालून दिली आणि २०२० मध्ये ती सुधारली. तिच्यात हेच सगळं नीट बसवलेलं आहे. शंका आली तर मी उपचार करत नाही, चिठ्ठी देऊन पुढे पाठवते. पेशंट कधी नाराज होतो: "एवढं लांब आलो आणि नुसतं विचारून पाठवताय?" त्याची नाराजी मी घेते.

वयाकडे पाहून कुणी निर्धास्त राहू नये. सगळ्या पक्षाघातांत मानेतली रक्तवाहिनी फाटल्यामुळे होणारे साधारण शंभरात दोन असतात. पन्नाशीच्या आतल्या माणसांचे पक्षाघात तेवढे वेगळे काढले, तर हेच प्रमाण पाव हिश्श्यापर्यंत जातं. म्हणजे हा आजार ज्यांच्यावर घर चालतं, त्या वयाला गाठतो.

"आमचा आजा मोडून घ्यायचा, बाप मोडून घ्यायचा, काय झालं नाही," हे मला नेहमी ऐकवलं जातं. ते खरं आहे. बहुतेकांना काहीच होत नाही, आणि तसं सांगायला मी कचरत नाही. पण धोका लहान असला, तरी बदल्यात मिळतं काय, हेही पाहायला हवं. मिळतो तो काही तासांचा हलकेपणा. तोच हलकेपणा शेकाने, खांदे दाबून घेण्याने, मान सावकाश फिरवण्याने मिळतो, आणि त्यात जिवाला धोका नाही. साधी आखडलेली मान बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप सुटते. टिकाऊ फरक पडतो तो व्यायामाने. हनुवटी आत घेऊन मानेचे खोलवरचे स्नायू कामाला लावायचे, तळहाताने कपाळाला विरोध करत जागच्या जागी जोर लावायचा, खांद्याची पाती मागे ओढायची. आणि कामात बदल करायचा. चुंबळ जाड आणि सपाट हवी. मोळी दोघींनी मिळून उचलून डोक्यावर घ्यावी. ट्रॅक्टरवाल्याने रांगेत झोपताना मान लटकती न ठेवता बाजूला उशी लावावी. हे सांगायला मला टोळीच्या कोप्यांवर जावं लागतं, कारण हंगामात दिवसाचा खाडा करून दवाखान्यात येणं त्यांना परवडत नाही. त्या बायका व्यायाम पटकन शिकतात. अडचण वेळेची असते, समजण्याची नसते.

आषाढीत माउलींची पालखी नीरेला येते, पादुकांना नीरास्नान घडतं आणि सोहळा लोणंदकडे जातो. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला वारकऱ्यांचे पाय चेपायला, तेल लावायला गावोगावची पोरं मनापासून बसलेली असतात. ही सेवा मला फार मोलाची वाटते. त्या पोरांना मी एवढंच सांगत असते, की पाय चेपा, पोटऱ्या चोळा, पाठ-खांदे दाबा. कुणी आजोबा "माउली, मान मोड रे जरा" म्हणाले, तर मान हलक्या हाताने फक्त चोळा. झटका नको. पोरं ऐकतात. त्यांना कारण सांगितलं की पुढच्याला तीच अडवतात.

सलूनवाल्यांचंही तसंच आहे. त्यांना गुन्हेगार ठरवून काही साधत नाही, आणि ते तसे नाहीतच. ट्रॅक्टरवाल्याचं कळल्यावर बाजारपेठेतल्या एका सलूनवाल्याशी मी बोलले. कटिंगच्या खुर्चीच्या पाठीला टेकून तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "मॅडम, मी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं: मालीश आधीपेक्षा दोन मिनिटं जास्त, खांद्यांवर जास्त, आणि कुणी मोडायला सांगितलं तर "आता आम्ही मोडत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, मेंदूची शीर फाटते" एवढं एकच वाक्य. गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट त्या वाक्यावर दुकानात चर्चा होते आणि बातमी माझ्यापेक्षा लांब पोहोचते. गावात आरोग्याची गोष्ट पसरवायला सलूनसारखी दुसरी जागा नाही.

ट्रॅक्टरवाला आता स्वतःच्या पायांवर चालतो. गिळणं सुधारायला वेळ लागला. हनुवटी छातीकडे घेऊन लहान घोट आणि पातळ पाण्याआधी दाटसर पेज, असं करत तो जेवणापर्यंत आला. तोल जवळपास आला. गरम-गार मात्र उजव्या अंगाला अजून नीट कळत नाही, म्हणून अंघोळीचं पाणी तो आधी डाव्या हाताने बघतो. रात्रीची वाहतूक त्याने सोडली. घरचं उत्पन्न त्यामुळे घटलं, आणि ते भरून काढायला बायको आता दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. मानेच्या एका हिसक्याचा हिशेब इथपर्यंत येतो.

वाचणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. स्वतःची मान कुणाला मोडू देऊ नका आणि कुणाची मोडू नका. मान किंवा डोक्याची मागची बाजू पूर्वी कधी दुखली नव्हती अशी दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. मानेला झटका, धक्का किंवा ताण बसल्यावर चक्कर, झोक जाणं, उलटी, दोन दिसणं, बोलण्यात फरक, गिळताना ठसका, चेहऱ्याला किंवा अंगाला बधिरपणा यातलं काहीही आलं, तर पित्त समजून झोपू नका. तोंडाने पाणी, सरबत, गोळी काही देऊ नका, कारण गिळणं बिघडलेलं असेल तर ते फुप्फुसात जातं. १०८ ला फोन करा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली, ते कागदावर लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. सोमेश्वरनगरहून बारामती तीस-पस्तीस किलोमीटर आहे, आणि जेजुरी-सासवडमार्गे पुणं त्याहून कितीतरी लांब. म्हणजे घरी वाया घालवायला आपल्याकडे अर्धा तासही नाही. आणि डॉक्टरांसमोर गेल्यावर पहिलं वाक्य हे सांगा: "यांच्या मानेला झटका बसला होता." सीटी स्कॅन चांगला आला तरी हे वाक्य पुन्हा सांगा. योग्य तपासणी वेळेत व्हायला बऱ्याचदा तेवढंच पुरतं.